वाकड्या मानेचं कासव

कुरिअरच्या कचेरीत बसायला एकच बाक होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध तो बसला होता. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"जरा सरकता का?" तिनं विचारलं.

तो सरकला. पण गडबडीत ती उभी होती त्याच बाजूला सरकला. मग ओशाळून उठला, तशी मांडीवरची छत्री पडली. छत्री उचलायला वाकला, तर चष्मा नाकावरून घसरला.

"बसा हो," ती म्हणाली. "तुमची कसरत बघून मीच दमले."

तो हसला. बाहेर पावसाची बारीक भुरभुर चालली होती, आणि दार उघडलं की ओल्या रस्त्याचा वास आत येऊन पुठ्ठ्यांच्या वासात मिसळत होता. ती बाकाच्या टोकाला टेकली. दोघांच्या मध्ये छत्री उभी राहिली, पंच नेमल्यासारखी.

काउंटरवरच्या माणसानं फोन खांद्याशी दाबून धरला होता. त्यानं सारख्याच आकाराची दोन खोकी काढली, पुढे आलेल्या दोन हातांत ठेवली आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

खोकं तिथंच उघडायचं, उघडताना फोटो काढायचे आणि आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही, असं ऑनलाइन विक्रीच्या साइटवाल्यांनी तिला बजावलं होतं. कारण ती गिऱ्हाईक नव्हतीच. ती स्वतः त्या साइटवर कापडी कासवं विकायची. पोटात वाळू भरलेली, पाठीवर रंगीत तुकडे जोडलेली. उघड्या पुस्तकावर असं कासव ठेवलं की पान उलटत नाही, आणि वाचणाऱ्याचा एक हात चहाच्या कपाला मोकळा राहतो. तिच्या आईनं आयुष्यभर अशी कासवं करून लोकांना दिली. आई गेल्यावर तिनं दादाच्या ऑफिसातली हिशेबाची नोकरी सोडली आणि तीच कासवं करायला घेतली. "वर्षभर बघ," दादा म्हणाला होता. "नाही जमलं तर ऑफिसातली तुझी खुर्ची आहेच." दुकान आत्ता कुठे जमू लागलं होतं, तोच साइटवर दुसरं एक कासव आलं. तेच अंग, तीच डावीकडे वळलेली वाकडी मान. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या घरात शिरून आईलाच उचलून नेलंय. तिनं तक्रार केली. साइट म्हणाली, त्यांचा माल विकत घ्या आणि पुरावा द्या. म्हणून तिनं वहिनीच्या नावावर ते मागवलं होतं.

तिनं खोकं उघडलं आणि कासव बाहेर काढलं. इतकं हुबेहूब! मेल्यांनी आतला पिवळा कागदसुद्धा सोडला नव्हता.

शेजारी पुन्हा कागद फाटल्याचा आवाज झाला. त्याच्याही हातात कासव होतं.

"तुम्हीसुद्धा फसलात?" ती कुजबुजली.

"म्हणजे… तुम्हीही?" त्यानं तिच्या खोक्यात डोकावून पाहिलं. "हो. नकलीच आहे हे. टाके बघा ना, गाडी चुकत असल्यासारखे मारलेत."

"आणि माझ्याकडचं बघा! मानेशी दोरा कसा ओढलाय, गळफास लावल्यासारखा."

"ज्यानं कुणी हे केलंय त्याला समोर उभं करून विचारावंसं वाटतं."

"विचाराल तेव्हा मला बोलवा. मी येते." ती क्षणभर थांबली. "तुम्ही अस्सल कासव पाहिलंय कधी?"

"पाहिलंय की," तो कासवाच्या पाठीवर बोट फिरवत म्हणाला. "जवळून पाहिलंय. तुम्ही?"

"मीही… जवळूनच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही जरा जास्त वेळ बघत राहिले. मग तिनं फोटो काढायच्या निमित्तानं नजर वळवली.

घरी तिची हकीगत ऐकता ऐकता वहिनीनं कासव उलटंपालटं केलं. "हे तुझंच आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"अगं, पोटाचा हा तुकडा माझ्या फाटलेल्या अभ्र्याचा आहे. त्यावर मी सहा वर्षं झोपलेय. माझा अभ्रा मला कळणार नाही?"

तिनं खोक्यावरची चिठ्ठी पाहिली. फोन नंबर वहिनीचा नव्हताच. काउंटरवरच्यानं खोक्यांची अदलाबदल केली होती. म्हणजे त्या बाकावरच्या माणसानं तिचं कासव मागवलं होतं. तो तिचं गिऱ्हाईक होता! आणि तिनं त्याच्या देखत…

"गळफास म्हणालीस," वहिनीनं आठवण करून दिली. "तुझ्याच कासवाला."

ती कासवाकडे बघत राहिली. सकाळी कच्चा दिसलेला टाका आता पक्का दिसत होता. मग सकाळी आपण काय पाहिलं होतं? तिला काही कळेना.

तिनं त्या नंबरवर फोन केला. पलीकडून इतक्या घाईनं "हॅलो" आलं, की जणू तोही फोन हातात धरूनच बसला होता.

वाचनालयासमोरच्या चहाच्या दुकानात ते भेटले. त्यानं त्याच्याकडचं कासव टेबलावर ठेवलं, तिनं तिच्याकडचं.

"त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो," तो म्हणाला. "तुमचं कासव तसं बरं आहे. तुमचं म्हणजे… माझ्याकडे आलेलं तुमचं."

"नाही नाही, तुमचंच जास्त चांगलं आहे. तुमचं म्हणजे माझ्याकडे आलेलं."

"म्हणजे आत्ता यातलं कुठलं चांगलं म्हणालात तुम्ही?"

तिनं दोन्ही कासवांकडे पाहिलं. दोघंही मान वाकडी करून तिच्याकडे पाहत होती. "चहा सांगू या का आधी?" ती म्हणाली.

जायच्या वेळी त्यानं फोन काढला. "या दोघांचा एक फोटो घेऊ? आठवण म्हणून."

"घ्या की. मलाही हवाय, आठवण म्हणून." तिला मनातून अपराधी वाटलं. तिला तो आठवणीसाठी नको होता. साइटला असली आणि नकली शेजारी ठेवलेला फोटो हवा होता.

कासवं ज्याची त्याला मिळाली, त्यामुळे पुन्हा भेटायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी ते भेटले. एकदा तो म्हणाला, पुस्तक परत करायचं होतं, इकडे आलोच होतो. एकदा ती तेच म्हणाली, आणि तिच्या हातात पुस्तक नव्हतं. तो कमी बोलायचा, पण ऐकताना कप ओठांशी नेऊन तसाच धरून ठेवायचा. चहा गार व्हायचा. तिला गार चहाचं कधी नव्हे ते कौतुक वाटू लागलं.

"हे डावीकडेच का बघत असेल?" एकदा कासव पुस्तकावर ठेवत त्यानं विचारलं. कासव ठेवताना त्याच्या बोटांचा तिच्या बोटांना स्पर्श झाला, आणि दोघांनीही तो न झाल्यासारखं केलं.

"वाचणाऱ्याकडे बघतं ते. पान संपलं की नाही, म्हणून."

तो चमकून तिच्याकडे बघायला लागला. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मग चहाचा घोटच घेतला. आपण कोण ते सांगावं असं तिलाही शंभरदा वाटलं. पण गिऱ्हाईक म्हणून तो किती निर्मळ होता! त्याला कशाला त्या चोरांच्या भानगडीत ओढायचं?

आणि मग साइटचं पत्र आलं. दुसऱ्या विक्रेत्यानंही तिच्याविरुद्ध तक्रार केली होती, की नक्कल तिनंच केलीय. निकाल लागेपर्यंत दोन्ही दुकानं बंद. मूळ माल कुणाचा ते सिद्ध करा, एकच दुकान राहील. सोबत समोरच्या पक्षाचा पुरावा जोडला होता, दोन कासवांचा फोटो.

वहिनीनं फोटो मोठा करून पाहिला. "हा अंगठा ओळखीचा वाटतोय. सुईनं टोचून घेतलेला."

कोपऱ्यात चहाचा कप होता, आणि कपाला धरलेला अंगठा तिचाच होता.

"म्हणजे तो…" ती खाली बसली. "म्हणजे तोच तो चोर?"

"आणि तू कुठला फोटो पाठवला होतास?"

तिच्या फोटोत त्याची अख्खी बाही आली होती.

"शोभता हो एकमेकांना," वहिनी म्हणाली.

ती तडक वाचनालयाकडे गेली. तो चहाच्या दुकानाबाहेरच उभा होता, छत्री मिटलेली, खांदे भिजलेले.

"आठवण म्हणून, नाही का?" ती म्हणाली.

"तुम्हीसुद्धा तेच म्हणाला होतात."

"ते माझ्या आईचं कासव आहे!"

"ते माझ्या बाबांचं आहे. मी पाळण्यात असल्यापासून आमच्या घरात आहे."

"हो? मग माझी आई खोटी का?" तिचा आवाज चिरकला. "बरंय तुमचं. ती आता येऊन काही सांगणार नाहीये."

त्याचा चेहराच उतरला. पाऊस वाढला, तशी त्यानं छत्री उघडली आणि तिच्यावर धरली. "माझे बाबा आहेत," तो म्हणाला. "ते खोटं बोलणार नाहीत. माझ्या विरुद्ध जाणारं असलं तरी नाही. चला, त्यांना विचारू."

निघाले. भांडण जोरात होतं, पण छत्री एकच होती, त्यामुळे भांडायला जवळजवळ चालावं लागलं.

बाबांचं शिवणाचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. नवे कपडे शिवायला आता कुणी येत नसे. दोरीवर लटकत होत्या त्या सगळ्या पॅंटी कुणाच्या ना कुणाच्या उंचीत बसवायच्या होत्या. मशिनीमागे म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांना कमी ऐकू येत होतं.

"बाबा, कासव कुणाचं?" तो ओरडला.

"परवा देतो म्हणावं."

"कासव, बाबा! कासव! कुणी बनवलं?"

"कासव होय! आपलंच की." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे… आपलं, पण तसं आपलं नाही. एक बाई आल्या होत्या. की त्यांची बहीण होती? नाही, बाईच. कासवाची मान उपटलेली, आणि सोबत एवढीशी पोरगी, रडून रडून नाक लाल. मी म्हटलं, ठेवून जा. ते उघडलं, तर आतलं काम इतकं देखणं होतं! म्हटलं, आपल्या पोरालाही असं करावं. कागदावर बेतून घेतलं. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

तो मान खाली घालून उभा होता. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पण माझीही फजिती झाली," बाबा पुढे म्हणाले. "मान शिवली ती वाकडी बसली. मूळची सरळ होती हो, चांगली समोर बघणारी. बाई न्यायला आल्या, तेव्हा मला तोंड दाखवायला जागा नाही. म्हटलं, उसवून देतो. तर ती पोरगी एकदम रडायची थांबली. म्हणते, नको, ते माझ्याकडे बघतंय! बाई हसल्या. म्हणाल्या, राहू द्या आता असंच. मग याचंही मी तसंच केलं. मुद्दाम वाकडं."

मशिनीच्या फळीवर तिनं हात टेकला. आईची जेवढी कासवं तिनं पाहिली होती, ती सगळी वाकड्या मानेची होती. सरळ मानेचं एकही तिला आठवत नव्हतं. त्या वाकड्या मानेसाठीच तर लोक कासव घेत होते.

"म्हणजे अंग माझ्या आईचं," ती हळूच म्हणाली.

"आणि मान माझ्या बाबांची," तो म्हणाला.

"तुमच्या बाबांनी आईची नक्कल केली."

"आणि तुमच्या आईनं… बाबांच्या चुकीची."

"मग मूळ कुठलं?"

दोघांनीही बाबांकडे पाहिलं. बाबांना फक्त त्यांची तोंडं हललेली दिसली होती. "चहा घेणार का?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर दोन दिवस ती घरात भिरभिरत राहिली. वाळू चाळायला घ्यायची आणि तशीच सोडून द्यायची. सरळ मानेच्या कासवाला कुणी हात तरी लावला असता का? दोरीवरच्या त्या पॅंटी तिला दिसत राहिल्या. कासवं बंद झाली, तर त्या दुकानात दुसरं काय उरणार होतं? आणि ते म्हातारे गृहस्थ, इतकी वर्षं स्वतःच्या चुकीला लाजत बसलेले… शेवटी तिनं साइटला कळवलं, मी तक्रार मागे घेते. नक्कल माझी आहे. बटण दाबल्यावर तिला थोडं रडू आलं. आता दादाच्या ऑफिसातली खुर्ची. पण आई असती तर तिनंही हेच केलं असतं, असं तिला वाटलं. की नसतं केलं? तेही नक्की कळेना.

उत्तर लगेच आलं. दोन्ही विक्रेत्यांनी आपापला माल नकली असल्याचं कबूल केल्यामुळे दोन्ही दुकानं कायमची बंद करण्यात येत आहेत.

"दोन्ही?" वहिनीनं पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे त्यानंही? अगं बाई! मूळ मालाचा पत्ता नाही आणि नकला दोन. असं कधी झालं नसेल हो." मग तिनं पदर खोचला. "त्याला रविवारी चहाला बोलव. नाहीतर थांब, मीच बोलवते. तू बोलावशील आणि भलतंच घर सांगशील."

रविवारी तो आला. दादासमोर ताठ बसला. दादा विम्याच्या ऑफिसात होता आणि घरीही माणसाकडे जोखीम मोजल्यासारखा बघायचा.

"काय करता आपण?"

"परवापर्यंत कासवं करत होतो."

"आणि आता?"

"आता बंद झालंय."

"म्हणजे उत्पन्न?"

"शून्य," तो म्हणाला.

"दोघांचंही," वहिनीनं आनंदानं सांगितलं आणि बशी पुढे केली. "दोघांनी मिळून एकच दुकान काढलं, तर तक्रार करायला उरतं कोण, सांगा बरं?"

दादानं कप खाली ठेवला. "मिळून म्हणजे कसं?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे… यांचं अंग आणि आमची मान…"

"काय?"

"कासवाचं, अहो!" वहिनी म्हणाली.

"हां. कासवाचं." दादानं घसा खाकरला. बहिणीकडे बराच वेळ पाहिलं. "ऑफिसात सांगून ठेवू का, आणखी थोडे दिवस खुर्ची धरायला?"

तिला वाटलं, आपण आता काहीतरी शहाणपणाचं बोलावं. "नको, दादा," ती म्हणाली. "देऊन टाक कुणाला तरी." आणि आपल्याला एवढं धाडस कुठून आलं, या विचारानं तिची तीच गांगरली.

ती त्याला पोचवायला जिना उतरून खाली आली. पाऊस थांबला होता. जिन्याखाली सायकली ओल्या होऊन उभ्या होत्या.

"तुम्ही माघार का घेतलीत?" तिनं विचारलं.

"तुमच्या आईचं होतं ते. त्या नाहीत म्हणून ते माझं होत नाही ना." तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता. "आणि तुम्ही?"

"तुमच्या बाबांची मान फार… म्हणजे त्यांनी बसवलेली मान… मला सरळ सांगता येत नाहीये."

"मलाही येत नाही."

"तुम्ही काही सांगत होतात का?"

"सांगत नव्हतो. विचारणार होतो." त्यानं छत्री भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. ह्या वेळी दोघांपैकी कुणीच वाकलं नाही. "दुकानाचं झालं. पण त्याशिवाय… तुम्हाला असं वाटतं का… म्हणजे आता निमित्त सांगायला कासव नाही, पुस्तक नाही, पुरावाही नाही, तरी मी रोज…"

"हो," ती म्हणाली.

त्याचा प्रश्न अजून अर्ध्यातच होता.